बाळ तपासताना पाहिलं कुणी?

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थी पुस्तकातून उठतो आणि वॉर्डात जातो. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, मानसोपचार, बालरोग अशा एकेका विभागात काही आठवडे काढायचे, याला तिथे क्लार्कशिप म्हणतात. बालरोगाची क्लार्कशिप बहुतेक ठिकाणी सहा ते आठ आठवड्यांची. थोडे दिवस वॉर्ड, थोडे दिवस नवजात बाळांचा विभाग, थोडे ओपीडीत. हे आटोपलं की विद्यार्थ्याच्या नावापुढे एक शब्द लागतो. ऑनर्स, हाय पास, पास किंवा फारच क्वचित फेल. पुढच्या वर्षी रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात मिळणाऱ्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करताना हा शब्द त्याच्याबरोबर जातो आणि तो कुठे, कोणत्या शाखेत डॉक्टर होणार हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या शब्दामागे जी माहिती असायला हवी, ती बहुतेक वेळा कुणी गोळाच केलेली नसते. विद्यार्थी आजारी मूल तपासत असताना कुणा अनुभवी डॉक्टरने बाजूला उभं राहून ते पाहिलेलं नसतं. न पाहिलेल्या कामाला चार पायऱ्यांवर चढवायचा आणि उतरवायचा अधिकार आम्हा शिकवणाऱ्यांना कुणी दिला, हे मला कळत नाही.

ग्रेड बनतो कसा? दर कॉलेजचं गणित निराळं, पण सामान तेच. वॉर्ड आणि ओपीडीतल्या डॉक्टरांनी भरलेले इव्हॅल्युएशन फॉर्म, शेवटची लेखी परीक्षा, आणि उरलेलं किरकोळ, म्हणजे लिहून दिलेली एखादी केस किंवा रुग्णाचं सोंग घेतलेल्या माणसावरची परीक्षा. वजन सहसा फॉर्मचं जास्त. तेव्हा फॉर्मपासूनच सुरुवात करू.

डावीकडे दहाएक ओळी असतात. इतिहास घेणं, शारीरिक तपासणी, निदानाचा विचार, ज्ञान, नोंदी, पालकांशी बोलणं, टीममधलं वागणं, वक्तशीरपणा, असं काहीबाही. उजवीकडे एक ते पाच गोल. खाली दोन मोकळ्या चौकटी, एकीत चांगलं काय ते लिहायचं, दुसरीत सुधारायला हवं ते. फॉर्म ईमेलने येतो. भरला नाही की आठवण येते, मग जरा कडक भाषेतली आठवण येते. भरणारा अटेंडिंग, म्हणजे वॉर्डाची जबाबदारी असलेला वरिष्ठ डॉक्टर, त्या विद्यार्थिनीबरोबर एक आठवडा होता. त्यातले दोन दिवस तिची सुट्टी, एक दुपार लेक्चरात गेली. आता तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच रुग्णांचे रिपोर्ट समोर उघडे असताना, त्याने ठरवायचं की तिची ‘शारीरिक तपासणी’ तीन होती की चार. खरं उत्तर ‘पाहिलं नाही’ हे आहे, आणि तसा एक गोल पुष्कळ फॉर्मवर असतोही. पण तो निवडला तर पोरीचं नुकसान व्हायचं, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. बोट चारवर जातं. मुलगी बोलते बरी, वेळेवर येते, म्हणजे तपासतही बरीच असणार. वरवर दहा मापं दिसतात, प्रत्यक्षात माप एकच असतं की हिच्याबरोबर काम करताना मला बरं वाटलं का.

आणि सुधारणेच्या चौकटीत ठरलेलं वाक्य असतं, ‘वाचन वाढवावं’. वाचन वाढवायला नको असा डॉक्टर अजून जन्माला यायचाय.

मग आम्ही रोज पाहतो काय? पाहतो ते राउंडवरचं बोलणं, म्हणजे विद्यार्थी आपल्या रुग्णाविषयी टीमला जे सांगतो ते. हिवाळ्यातला वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. चार महिन्यांचं बाळ, ब्राँकिओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना आलेली सूज, आजाराचा चौथा दिवस, नाकाशी ऑक्सिजनची नळी. एक विद्यार्थिनी पहाटे खोलीत जाते. बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलं आहे. ती दिवा लावत नाही, बाळाला पलंगावर ठेवायलाही सांगत नाही. आधी दुरूनच बघते. पोट उडतंय का, नाकपुड्या फुलतायत का, मधेच कण्हतंय का. मग घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा फसवतो. स्टेथोस्कोपचं तोंड तळहातात धरून जरा ऊब आणते आणि खांद्यावर असतानाच पाठीला लावते. टाळूवरून हात फिरवते. कान आणि घसा सगळ्यात शेवटी, कारण एकदा का बाळाने भोकाड पसरलं की छातीतलं काही ऐकू यायचं नाही. निघताना आईला विचारते, रात्रीत डायपर किती ओले झाले, दूध ओढताना दम लागतो का.

दुसरा विद्यार्थी शेजारच्या खोलीत. त्याच वयाचं बाळ, तोच आजार. तो कॉम्प्युटरवर रात्रीच्या रेसिडेंटची नोंद उघडतो, आकडे उतरवून घेतो, खोलीत शिरून छातीला स्टेथोस्कोप लावल्यासारखं करतो आणि दोन मिनिटांत बाहेर. पण तो बोलतो सुरेख. कागदात न बघता बोलतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१४ च्या सूचनेप्रमाणे या आजारात अल्ब्युटेरॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊ नये, एक्सरेही सरसकट काढू नये, हे तो नेमक्या जागी पेरतो. अटेंडिंग मान डोलावतात. पहिली विद्यार्थिनी मात्र चाचरत बोलते, आधी तापाचं सांगते, मग मागे येऊन दुधाचं सांगते. फॉर्मवर तिला तीन, त्याला पाच. त्या दोघांपैकी तुमच्या बाळाला कोणी तपासावं असं तुम्हाला वाटेल, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. उलटच कळतं.

बालरोगात एक गोष्ट इतर विभागांपेक्षा बरी आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ मुलांच्या वॉर्डांत राउंड पालकांसमोर, खोलीतच होतो. त्यामुळे कधीकधी गंमत होते. विद्यार्थी सांगत असतो की बाळाने रात्री दर वेळी तीन औंस दूध घेतलं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून आई म्हणते, “तीन नाही हो, एक. बाकीचं ओकलं.” आकडा कुठून आला होता ते सगळ्यांना उमगतं. राउंड पुढे सरकतो. या एका वाक्यात त्या विद्यार्थ्याच्या कामाची जेवढी माहिती आहे तेवढी सगळ्या फॉर्ममध्ये मिळून नसते, पण आईचं वाक्य टिपायला फॉर्मवर जागा नाही. माझ्या मते खोलीत कोण किती वेळ होतं, कुणी बाळाला हात लावला आणि कुणी नुसतं बघितलं, याची खडान्‌खडा माहिती असलेली व्यक्ती ती एकच, आणि तिला कुणी विचारत नाही.

या गोंधळाला शिस्त लावायचे प्रयत्न झालेले नाहीत असं नाही. लुई पँगारो या अमेरिकन डॉक्टर-शिक्षकाने १९९९ मध्ये एक सोपी चौकट मांडली आणि ती फार ठिकाणी वापरली जाते. विद्यार्थी आधी नीट वार्ताहर व्हावा, म्हणजे रुग्णाची माहिती खात्रीने आणून सांगावी. मग त्या माहितीचा अर्थ लावावा, मग काय करायचं ते सुचवावं, आणि शेवटी स्वतः शिकत दुसऱ्यालाही शिकवावं. चौकट उत्तम आहे, कारण ती अंगभूत हुशारीच्या गप्पा सोडून कामाविषयी बोलते. अडचण पहिल्याच पायरीवर आहे. वार्ताहराची बातमी खरी आहे की नाही हे पाहायला त्याच्यामागून कुणी त्या खोलीत गेलं तरच कळणार. ते न करता आम्ही थेट दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचे गुण देतो, कारण त्या पायऱ्या राउंडवर उभ्या उभ्या ऐकू येतात.

नियमही आहेत. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या समितीचं सांगणं असं की मूलभूत कौशल्यं प्रत्यक्ष पाहून तपासली पाहिजेत, क्लार्कशिपच्या मध्यावर फीडबॅक दिला पाहिजे आणि अंतिम ग्रेड सहा आठवड्यांच्या आत हातात पडला पाहिजे. पहिल्या नियमाचं व्यवहारात काय होतं ते वॉर्डात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. विद्यार्थ्याच्या फोनवर किंवा खिशातल्या कार्डावर यादी असते, ‘इतिहास घेताना पाहिलं’, ‘तपासताना पाहिलं’, आणि शेवटच्या आठवड्यात तो सह्यांसाठी रेसिडेंटच्या मागे फिरतो. रेसिडेंट भला माणूस असतो, त्याला रात्रीच्या टीमकडे रुग्ण सोपवायचे असतात, तो सही करतो. नियम पाळला गेला.

आता लेखी परीक्षा. नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झॅमिनर्स ही संस्था प्रत्येक विषयाची परीक्षा बनवते, विद्यार्थी तिला शेल्फ म्हणतात. ११० प्रश्न, १६५ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. मी तिच्या विरोधात नाही. ती माणूस बघत नाही, हसरा चेहरा बघत नाही, सगळ्यांना सारखीच असते. मुलांना कोणत्या वयात काय यायला हवं, कोणत्या पुरळाला घाबरायचं आणि कोणत्याला नाही, कोणती लस कधी, हे माहीत असायलाच हवं आणि ती ते नीट विचारते. पण तीही पुरती समान नाही. वर्षाच्या सुरुवातीला बालरोग करणाऱ्याला मेडिसिनचा आधार नसतो, शेवटी करणाऱ्याला असतो, आणि गुणांत तो फरक दिसतो. म्हणून तर बोर्ड स्वतःच वर्षाच्या निरनिराळ्या तिमाहींचे तुलनेचे तक्ते निराळे देतं. सगळी कॉलेजं ते तक्ते वापरत असती तर बोलायला जागा नव्हती.

ऋतूचा खेळ वॉर्डातही चालतो. जानेवारीत आलेल्या विद्यार्थिनीला धाप लागलेली बाळंच बाळं दिसतात, आठवड्यात ती ब्राँकिओलायटिसमध्ये पटाईत होते आणि राउंडवर तिचं बोलणं सफाईदार वाटू लागतं. जुलैत आलेला तेच तेच शिकत नाही, रोज नवा आजार, रोज नव्याने अडखळणं. ओपीडीत ऑगस्टमध्ये शाळेच्या तपासण्यांची रांग असते. तिथे निरोगी मूल ओळखायला शिकता येतं, जे खरं तर बालरोगातलं सगळ्यात अवघड काम आहे, पण त्यात राउंडवर सांगण्यासारखं काही नसतं. कुणाला कोणता महिना मिळतो हे वेळापत्रक ठरवतं, आणि ग्रेड मात्र विद्यार्थ्याच्या नावावर लागतो.

या सगळ्यातून निघणारे निकाल किती विचित्र असतात याचा एक अभ्यास ‘अकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकात २०१२ साली आला होता. त्यात अमेरिकेतल्या बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालयांचे क्लार्कशिप ग्रेड तपासले होते. एकाच विषयात सर्वांत वरचा ग्रेड कुठे २ टक्के विद्यार्थ्यांना मिळाला होता, तर कुठे ९३ टक्क्यांना. नापास होणारे १ टक्क्याहून कमी. एका कॉलेजचा ‘ऑनर्स’ म्हणजे दुर्मीळ मोती आणि दुसऱ्याचा म्हणजे हजेरीचा शिक्का, पण अर्जावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. कॉलेजं आता विद्यार्थ्याविषयी रेसिडेन्सीवाल्यांना पाठवायच्या पत्रासोबत आलेख जोडतात, आमच्याकडे किती जणांना कोणता ग्रेड मिळाला ते दाखवणारा. आलेखाने तुलना जरा सोपी होते. पण चुकीच्या काट्यावर तोललेल्या मालाला नीट लेबल लावलं म्हणून वजन बरोबर येत नाही.

‘हिच्याबरोबर बरं वाटलं का’ हेच जर खरं माप असेल, तर त्यात कोण मागे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. जो शिकवणाऱ्यासारखाच दिसतो, बोलतो, त्याच विनोदांना हसतो, तो बरा वाटतो. जो घरात पहिलाच कॉलेजात गेलेला आहे, ज्याचे उच्चार वेगळे आहेत, जो मोठ्यांपुढे विचारल्याशिवाय न बोलण्याच्या वळणात वाढला, त्याच्याविषयी ‘अजून मोकळेपणाने बोलावं’ असा शेरा येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये स्वतःच्याच विद्यार्थ्यांचे आकडे प्रसिद्ध केले. वैद्यकात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा वंशगटांतल्या विद्यार्थ्यांच्या फॉर्ममधले गुण इतरांपेक्षा किंचितच कमी होते. पण ग्रेडच्या पायऱ्या त्या किंचित फरकावरच पडतात, त्यामुळे ऑनर्स त्यांना सुमारे निम्म्याच प्रमाणात मिळाले, आणि ऑनर्स बघून निवडक विद्यार्थ्यांना सभासद करणाऱ्या मानाच्या सोसायटीत त्यांची निवड होण्याची शक्यता त्याहूनही घसरली. एवढासा फरक चाळणीतून जाता जाता केवढा होतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे त्या विद्यापीठाने मुख्य क्लार्कशिपमधल्या पायऱ्याच काढून टाकल्या.

बालरोगात या आवडीनिवडीला आणखी एक फाटा फुटतो. ‘मुलांशी छान जमतं’ हा फॉर्मवरचा लाडका शेरा आहे. बाळाला बघून टाळ्या वाजवणारी, आवाज बारीक करून बोलणारी विद्यार्थिनी सगळ्यांना आवडते. जमतं ते चांगलंच आहे. पण सहा फूट उंचीचा, गंभीर चेहऱ्याचा मुलगा तीन वर्षांच्या पोराजवळ जमिनीवर बसून, काही न बोलता, त्याच्या हातातल्या गाडीशी पाच मिनिटं खेळतो आणि मग त्या गाडीच्या निमित्ताने पोटाला हात लावतो, तेही जमणंच आहे. ते फक्त दारातून दिसत नाही. आणि टाळ्या वाजवणारीला जन्मतारखेवरून चुकलेली लस शोधता आली का, चौदा वर्षांच्या मुलीशी बोलायला आईला बाहेर थांबायला कसं सांगायचं ते साधलं का, किलोमागे किती मिलिग्रॅम याचा हिशेब तिने स्वतः केला की फोनवरून उतरवला, हे त्या शेऱ्यात येत नाही.

ग्रेडचा सगळ्यात मोठा तोटा मात्र मला वेगळाच वाटतो. अटेंडिंग चार वर्षांच्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि म्हणतात, “मर्मर आहे, निर्दोष प्रकारचा. तारेला छेडल्यासारखा, ऐका.” मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जास्तीचा आवाज. पाच जण ओळीने ऐकतात. पाचही जण मान हलवतात. त्यांतल्या दोघांना काहीही ऐकू आलेलं नसतं, आणि माझा अंदाज आहे की कधीकधी चौघांना. ज्याला ऐकू आलं नाही त्याने “नाही आला, पुन्हा दाखवा” म्हटलं तर दोन मिनिटांत तो शिकेल, कारण असे मर्मर मुलांमध्ये ढिगाने असतात आणि मूल आडवं करून ऐकवलं की ते ठळक होतात. पण जो शिकवतोय तोच उद्या गोल भरणार आहे. अज्ञान कबूल करण्याची किंमत आहे आणि लपवण्याची नाही. मग माणूस लपवायला शिकतो, आणि ही सवय क्लार्कशिप संपल्यावर आपोआप सुटत नाही. रात्री तीन वाजता नवजात बाळाच्या हृदयाचा आवाज नीट ऐकू न आलेल्या रेसिडेंटने वरिष्ठांना उठवावं असं आपल्याला वाटतं. त्याला आम्ही दोन वर्षांपूर्वी मान हलवायला शिकवलेलं असतं.

एवढं असूनही ग्रेड टिकून आहेत, त्याचं कारण वॉर्डाबाहेर आहे. रेसिडेन्सीच्या एकेका जागेसाठी अर्जांचे ढीग येतात आणि निवडणाऱ्यांना चाळणी हवी असते. पूर्वी ती चाळणी म्हणजे स्टेप वनचे, डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या पहिल्या परीक्षेचे, गुण होते. जानेवारी २०२२ पासून तिचा निकाल फक्त पास किंवा फेल असा लागू लागला. हेतू चांगला होता, विद्यार्थी दोन वर्षं नुसती घोकंपट्टी करत होते. पण भूक तीच राहिली आणि ताट सरकलं. वजन क्लार्कशिपच्या ग्रेडवर आणि स्टेप टूच्या गुणांवर आलं. म्हणजे निदान सर्वांना सारखी असलेली एक परीक्षा मागे सरली आणि तिच्या जागी जे आलं त्यातलं अर्धं हे अटेंडिंगच्या मर्जीवर चालणारं आहे.

पायऱ्या काढून टाका म्हटलं की इथूनच सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लहान, अप्रसिद्ध कॉलेजातला विद्यार्थी म्हणतो, माझ्या कॉलेजचं नाव कुणाला माहीत नाही, माझ्या घरात कुणी डॉक्टर नाही, माझ्यासाठी फोन करणारं कुणी नाही. सगळे ऑनर्स मिळवले एवढंच माझ्या हाती आहे. तेही काढलंत तर निवडणारे कॉलेजचं नाव बघतील, शिफारसपत्राखालची सही बघतील. त्याचं खरं आहे. नामांकित कॉलेजांना पास-फेल परवडतं, कारण त्यांच्या नावातच ऑनर्स असतात. पण या आक्षेपाचा अर्थ नीट लावला तर तो पायऱ्या ठेवा असं सांगत नाही. माझ्याविषयी विश्वास ठेवण्यासारखं काहीतरी लिहा, असं तो सांगतो. आजचा ‘ऑनर्स’ ते काम करत नाही. २ टक्के आणि ९३ टक्के माहीत असलेला निवडणारा त्या शब्दाकडे बघून पुन्हा कॉलेजच्या नावाकडेच वळतो.

दुसरा आक्षेप, ग्रेड नसले तर पोरं काम करणार नाहीत. हा मला कधीच पटलेला नाही. शेल्फ राहणारच आहे, स्टेप टू राहणारच आहे. आणि ज्याला आजारी बाळासमोर उभं राहूनही काम करावंसं वाटत नाही, त्याला ऑनर्सच्या आशेने कामाला लावून पुढे पाठवण्यात रुग्णाचा काय फायदा?

तर मग काय करावं? बालरोगाच्या क्लार्कशिपमध्ये विद्यार्थ्याने अमुक गोष्टी केल्याच पाहिजेत आणि त्या कुणीतरी पाहिल्याच पाहिजेत, अशी छोटी यादी पुरे. नवजात बाळाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. आईच्या मांडीवरच्या बाळाच्या कानाचा पडदा दिसेपर्यंतची तपासणी. धाप लागलेल्या मुलाकडे बघून ते किती आजारी आहे हे सांगणं. वाढीचा तक्ता वाचणं. वजनावरून औषधाची मात्रा काढणं. लस नको म्हणणाऱ्या पालकाशी न भांडता बोलणं. वयात आलेल्या मुलाशी एकट्याने बोलणं. प्रत्येक गोष्ट दोनदा-तीनदा, निरनिराळ्या डॉक्टरांनी पाहायची. पाहणाऱ्याने लगेच, तिथेच, दोन वाक्यं सांगायची आणि लिहायची. छोट्या निरीक्षणाची अशी पद्धत वैद्यकीय शिक्षणात गेली काही दशकं वापरात आहे, नवं काही शोधायचं नाही. जमलं नाही तर पुन्हा करायचं, चौथ्यांदा जमलं तरी ते जमलंच. सुरुवातीच्या अडखळण्याची नोंद शिकवण्यासाठी ठेवायची, निकालात धरायची नाही. निकाल पास किंवा ‘अजून नाही’, आणि ‘अजून नाही’ म्हणायला धजायचं. १ टक्क्याहून कमी नापास होतात याचा अर्थ ९९ टक्के तयार आहेत असा नाही. कुणालाच नको म्हणायचं नाही असं ठरलेलं असल्यावर दुसरं काय होणार? त्यातून आम्ही मुलांचे डॉक्टर, रागावणं आमच्या अंगातच नाही.

निवडणाऱ्यांना पाठवायच्या पत्रात मग शब्दांच्या जागी काम दिसेल. या विद्यार्थिनीने बारा दिवसांच्या बाळाची कावीळ दिवसाच्या उजेडात बघून ओळखली, आईला बिलिरुबिन म्हणजे काय ते समजावलं, आणि आपल्याला कशाची खात्री नाही ते आधी सांगितलं. असं एक वाक्य तिच्याविषयी जे सांगतं ते ‘हाय पास’ सांगत नाही, आणि ते वाक्य अप्रसिद्ध कॉलेजातल्या डॉक्टरलाही लिहिता येतं. त्याने पाहिलं मात्र असायला हवं. पक्षपात वाक्यांतही शिरतो, हे मला मान्य आहे. पण ‘मनमिळाऊ आहे’ या शेऱ्यापेक्षा ‘असं असं केलं’ या वाक्यात त्याला लपायला जागा कमी असते.

शेकडो पत्रं वाचायला वेळ कुणाला, असं रेसिडेन्सीवाले म्हणतील. म्हणोत. चाळणी हवी असेल तर त्यांनी स्वतःची करावी. त्यांची सोय व्हावी म्हणून वॉर्डात खोटी मापं तयार करत बसणं हे आमचं काम नव्हे.

खरी अडचण पैशाची आहे आणि तिच्याविषयी सभांमध्ये कमी बोललं जातं. अमेरिकेतल्या पुष्कळ शिक्षण-रुग्णालयांत अटेंडिंगचं काम किती रुग्ण पाहिले आणि बिलाच्या हिशेबात त्याचे किती एकक झाले यावर मोजतात. कोपऱ्यात उभं राहून विद्यार्थ्याला कान तपासताना पाहण्याचे एकक शून्य. एका निरीक्षणाला दहा-पंधरा मिनिटं धरली आणि एका वेळी वॉर्डात चार विद्यार्थी धरले, तर आठवड्याला निदान अर्धा दिवस लागतो, आणि तो अर्धा दिवस सध्या कुणाच्याच ड्युटीत नाही. पायऱ्या काढून टाकल्या आणि हा वेळ दिला नाही, तर फॉर्मवरचे पाच गोल जाऊन दोन गोल येतील, बाकी सगळं आहे तसंच चालेल. म्हणून कॉलेजच्या डीनसाहेबांकडे ग्रेडच्या नावांची फाईल नेण्याआधी ड्युटीचा तक्ता न्यावा, त्यात आठवड्याचा अर्धा दिवस कोऱ्या जागेत मांडावा आणि तो कोणाच्या पगारातून जाणार ते लिहून घ्यावं. फॉर्मवरचे रकाने त्यानंतर बदलले तरी चालतील.